शेजारीण बघतेय: ‘अंधाधुन’च्या कौतुकाबद्दल

एखाद्या चित्रपटाचं चहूबाजूंनी कौतुक व्हायला लागलं की त्याच्याबद्दल बोलणं हळूहळू बंद होतं. नाव काढलं की समोरचा ‘मस्तच आहे’ म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो. श्रीराम राघवन यांच्या ‘अंधाधुन’चं असं झालंय. ५ ऑक्टोबर २०१८ ला तो लागला, आणि ज्यांनी पाहिला त्यांनीच इतरांना चित्रपटगृहाकडे पिटाळलं. पुढच्या वर्षी तो चीनमध्ये लागला आणि तिथे इथल्यापेक्षा कितीतरी जास्त चालला. ६६ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट ठरला, रूपांतरित पटकथेचा पुरस्कार त्याला मिळाला आणि अभिनेत्याचा पुरस्कार त्याचा नायक आयुष्मान खुराना आणि ‘उरी’साठी विकी कौशल यांना विभागून मिळाला. तेलुगू आणि मल्याळममध्ये २०२१ साली तो पुन्हा निघाला, तमिळमध्ये २०२४ साली. आजही कुणी ‘काहीतरी चांगलं सुचव’ म्हटलं की घरोघरी हेच नाव पुढे येतं.

आणि का आवडला असं विचारलं की बहुतेक जण शेवटाकडे बोट दाखवतात. त्याला दिसत होतं का? ससा खरा होता का? तो डबा त्याने मुद्दाम उडवला ना? यावर तास तास वाद घालणारी माणसं मला भेटली आहेत. मला हा चित्रपट मनापासून आवडतो, म्हणूनच हे उत्तर अपुरं वाटतं. माझ्या मते कौतुक योग्य आहे, पण ते भलत्या जागी चाललंय. शिवाय चित्रपटाचा एक मोठा तुकडा त्या कौतुकाला पात्र नाही, आणि तोही चांगला म्हणून खपून जातो. हे नीट सांगायचं तर गोष्ट उघड करावी लागेल. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी इथे थांबावं, आधी चित्रपट पाहावा.

पुण्यातला एक तरुण पियानोवादक, आकाश. डोळ्यांत अपारदर्शक लेन्स घालून तो आंधळा असल्याचं सोंग करतो. डोळे बाजूला ठेवले की संगीत जास्त खोल जाईल अशी त्याची समजूत आहे, आणि जोडीला लोकांची सहानुभूतीही मिळते. सोफीच्या स्कूटरचा धक्का लागून तिची ओळख होते आणि तिच्या वडिलांच्या रेस्टॉरंटमध्ये त्याला वाजवायचं काम मिळतं. तिथे येणारा प्रमोद सिन्हा हा सत्तरच्या दशकातला नायक. एके काळी पोस्टरवर असलेला, आता यूट्यूबवर आपली जुनी गाणी आणि खालच्या प्रतिक्रिया बघत बसणारा. ही भूमिका अनिल धवन करतात आणि पडद्यावर दिसणारे जुने तुकडे त्यांच्याच चित्रपटांतले आहेत. आपल्या पिढीला ते ‘पिया का घर’मुळे आठवतात, तो चित्रपट ‘मुंबईचा जावई’वरून काढलेला, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. त्या साध्यासरळ, दोन खोल्यांत संसार थाटणाऱ्या नवऱ्याला राघवन चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी बोलावतात आणि त्याच्याच आलिशान फ्लॅटमध्ये त्याचा खून करतात. ही निवड क्रूर आहे. त्या निरागस गाण्यांना ऐकत मोठे झालेल्यांना ती जास्त लागते.

प्रमोदने लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून आकाशला घरी वाजवायला बोलावलंय. आकाश बेल वाजवतो तेव्हा आत प्रमोद मरून पडलेला आहे. त्याची दुसरी बायको सिमी (तब्बू) दार थोडंसंच उघडते आणि त्याला वाटेला लावू बघते. ‘प्रमोद घरी नाहीत’ एवढं म्हटलं की काम झालं असतं. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या मिसेस डिसा बाहेर येतात आणि बघत राहतात. एक आंधळा मुलगा, हातात काठी, दारात उभा. सिमी त्याला आत घेते.

मी पुण्यातच हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला. त्या वेळी या क्षणाकडे माझं लक्ष गेलं नव्हतं, कारण पुढे काय होणार याची घाई होती. काही महिन्यांनी घरी आईबरोबर बघत होते. आईला खुनाचे चित्रपट आवडत नाहीत, ती हातातली भाजी निवडत अर्ध्या डोळ्याने बघत होती. सिमीने आकाशला आत घेतलं तसं मी म्हटलं, ‘वेडीच आहे, दार लावून घ्यायचं ना.’ आई मान वर न करता म्हणाली, ‘शेजारीण बघत होती ना गं. मग काय करणार बिचारी?’

बिचारी! नवऱ्याचं प्रेत दिवाणखान्यात पडलंय, प्रियकर आत लपलाय, आणि माझी आई, जी कुणाच्या लग्नात वरणात मीठ कमी पडलं तरी हळहळते, ती या बाईला बिचारी म्हणत होती. आणि मला ते पटलं. त्या घटकेला सिमीची अडचण ही खुन्याची अडचण उरलेली नसते. दारात पाहुणा आहे आणि समोरची बघतेय, ही अडचण आहे. ती आपल्या प्रत्येकाची असते. वडिलांना मध्यरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली होती तेव्हा समोरच्या काकू धावत आल्या. बेल वाजल्यावर आईने आधी सोफ्यावरचा धुतलेल्या कपड्यांचा ढीग उचलून आतल्या खोलीत टाकला, मग दार उघडलं. बाबांना तोवर धड श्वास घेता येत नव्हता. काकूंनी कपडे पाहिले असते तर काहीही बिघडणार नव्हतं, हे आईलाही ठाऊक होतं. पण हात आपोआप चालतात. सिमीचेही तसेच चालतात, आणि त्यातून हा सगळा चित्रपट घडतो.

‘अंधाधुन’ खरोखर कशावर उभा आहे, हे मला तेव्हा उमगलं. इथली माणसं खून करतात, पण शिष्टाचार मोडत नाहीत. हसू येतं ते त्यामुळे, आणि छाती धडधडते तीही त्यामुळेच.

आता तो प्रसंग पुन्हा बघा. आकाश पियानोवर बसतो, वाजवायला लागतो आणि वाजवता वाजवता त्याला जमिनीवरचे पाय दिसतात. त्याने थांबायचं कसं? थांबला तर त्याला दिसलं असा अर्थ होईल. सिमीने त्याला मध्येच उठवायचं कसं? नवऱ्याने हौसेने बोलावलेला वादक आहे, कौतुकाने ऐकायला हवं. तो स्वच्छतागृहात जातो तर तिथे बंदूक घेऊन सिमीचा प्रियकर मनोहर उभा. त्याच्याकडे पाहायचं नाही आणि जे करायला आलो ते करून, सहज चालत पुन्हा पियानोपाशी यायचं. आकाश बोटं चालू ठेवतो, आणि पाठीमागे सिमी आणि मनोहर हातवारे करत, ओठ हलवत, एकमेकांना गप्प करत प्रेत एका मोठ्या बॅगेत बसवतात. चित्रपटगृहात लोक या ठिकाणी हसले होते. मोठ्याने नाही, घशातल्या घशात. आणि हसल्यावर थोडेसे ओशाळलेही. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी हसून झाल्यावर तोंडावर हात ठेवला होता, तो बराच वेळ काढला नाही.

या पट्ट्यात पूजा लाढा सुरती यांचं संकलन आणि के. यू. मोहनन यांचा कॅमेरा काय करतात ते पाहण्यासारखं आहे. आकाश जे बघतोय ते आपणही चोरूनच बघतो. नजर प्रेतावर ठरत नाही, ठरवता येत नाही, कारण आकाशला ती ठरवायची मुभा नाही. गॉगलच्या आडून जेवढं मिळेल तेवढंच. आणि पियानो सतत चालू. एरवी अशा चित्रपटांत संगीत प्रसंगाच्या वरून ओतलेलं असतं. इथे ते प्रसंगातलं एक पात्र आहे, आणि ते थांबलं तर माणूस मरेल. एवढी साधी, एवढी घट्ट मांडणी हिंदी चित्रपटात मी क्वचित पाहिली आहे.

हे बीज राघवन यांचं नाही, आणि त्यांनी ते कधी लपवलंही नाही. ऑलिव्हिए त्रेनर या फ्रेंच दिग्दर्शकाचा २०१० सालचा ‘लाकोर्दर’ हा पंधरा मिनिटांच्या आतला लघुपट. त्यातला तरुण पियानो जुळवणारा असतो, तोही आंधळ्याचं सोंग करतो, तोही चुकीच्या घरात शिरतो. लघुपट नेमका सर्वांत नाजूक जागी थांबतो. पुढे काय, हा प्रश्न आपल्याकडे सोपवून तो निघून जातो. राघवन आणि त्यांच्या सहलेखकांनी ‘पुढे काय’ लिहायचं ठरवलं. हे धाडस आहे, कारण उत्तम अर्धवट गोष्ट पूर्ण करायला घेतली की बहुतेकदा ती बिघडते. पहिल्या तासात ती बिघडलेली नाही, उलट फुलली आहे.

पोलिस ठाण्याचा प्रसंग घ्या. आकाश खुनाची तक्रार द्यायला जातो आणि समोर इन्स्पेक्टर म्हणून मनोहरच. तोंडातून ‘खून’ हा शब्द बाहेर पडलाय, आता मागे घेता येत नाही. मग तो मांजराच्या खुनावर येतो. हा विनोद वाक्याचा नाही. ठाण्यात येऊन बसलेल्या माणसाला काहीतरी सांगावंच लागतं आणि साहेबालाही ऐकून घ्यावंच लागतं, त्या रीतीचा आहे. मग प्रमोदच्या जाण्यावर सिमीचं रडणं, सांत्वनाला आलेली माणसं, सावत्र मुलगी दानी. सगळं घर शोकाच्या शिस्तीत बसलेलं. आणि त्या शिस्तीत मिसेस डिसा मात्र पोलिसांना सरळ सांगून टाकतात की घरात आणखी एक पुरुष आलेला मी पाहिला होता. पुढे सिमी त्यांना वरून ढकलते. आकाश नेमका तेव्हा तिथे पोहोचतो, बघतो, आणि न पाहिल्यासारखं करतो. ज्या नजरेमुळे सिमीला दार उघडावं लागलं, ती नजर तिने अशी मिटवली.

मग प्रसाद. सिमी आकाशच्या घरी येते, त्याची परीक्षा घेते, मुखवटा घालून त्याच्यासमोर येते. तिने सोबत प्रसाद आणलेला असतो. प्रसादाला नाही म्हणता येतं का? आपल्याकडे पोट बिघडलेलं असलं तरी कणभर तोंडात टाकतात. त्याच प्रसादातून ती त्याला विष देते आणि त्याचे डोळे खरोखरचे जातात. मला वाटतं, हा या चित्रपटातला सर्वांत भयंकर क्षण आहे. ढकलणं, गोळी घालणं हे चित्रपटात नेहमीच असतं. इथे बाई घरी आली, गोड दिलं आणि माणूस आंधळा झाला.

या सगळ्यात आकाशचं सोंग सर्वांत आधी कोण ओळखतं? शेजारचा बंडू. का? तो लहान आहे. आंधळ्या माणसाशी कसं वागायचं, काय विचारायचं नाही, याचं वळण त्याला अजून लागलेलं नाही. मोठी माणसं दयेने नजर वळवतात, म्हणून फसतात. हा पोरगा नजर वळवत नाही, मोबाइल काढतो आणि चित्रण करतो. पटकथेत हे इतकं बेमालूम बसलंय की बंडू हे गोष्ट पुढे ढकलायला आणलेलं पात्र आहे हे जाणवतही नाही.

मध्यंतरापर्यंत, किंबहुना आकाशचे डोळे जाईपर्यंत, माझ्याकडे या चित्रपटाबद्दल एकही तक्रार नाही. जेवढं कौतुक झालं ते कमीच पडेल.

त्यानंतर आकाश बेशुद्ध पडतो आणि जागा होतो तो डॉक्टर स्वामीच्या अवैध दवाखान्यात, जिथे माणसांचे अवयव काढून विकले जातात. रिक्षावाला मुरली आणि लॉटरी विकणारी सखू हे स्वामीचे हस्तक. इथून पैशाची गोष्ट सुरू होते. सिमीला पळवायचं, मनोहरकडून खंडणी उकळायची, मग एकमेकांना फसवायचं. मनोहर लिफ्टमध्ये अडकतो आणि स्वतःच्याच गोळीने मरतो, नोटा खोट्या निघतात. घटना एकामागून एक येतात, झटपट येतात, आणि बघताना कंटाळा येत नाही. पण काहीतरी सुटलेलं आहे.

‘उत्तरार्ध जरा गंडलाय’ असं बरेच जण म्हणतात आणि कारण म्हणून योगायोग सांगतात. मला योगायोगांचं वावडं नाही. पूर्वार्धातही योगायोगच आहेत. नेमक्या त्याच वेळी बेल वाजणं हा केवढा मोठा योगायोग! माझ्या मते कारण दुसरं आहे. उत्तरार्धात कुणाला कुणाची भीड उरत नाही. मुरलीला पैसे हवेत, तो तसं म्हणतो. सखूला हवेत, तीही म्हणते. स्वामीला हवेत, तो तर हिशेबच मांडतो. घर संपलं, समोरचा फ्लॅट संपला, मिसेस डिसा गेल्या, आता ओसाड जागा आहे आणि बांधलेली माणसं आहेत. तिथे लपवायचं काय आणि कुणापासून? सगळे आपापली हाव उघड बोलू लागले की ताण फक्त ‘कोण कुणाला आधी मारणार’ एवढाच उरतो. तो ताण शेकडो चित्रपटांत मिळतो.

छाया कदम आणि झाकिर हुसेन यांच्या कामाबद्दल माझं काही म्हणणं नाही. ती दोघं हातात आलेल्या तुटपुंज्या ऐवजातून माणसं उभी करतात. सखूच्या बोलण्यात जो एक निबर व्यवहार आहे तो छाया कदम यांचाच. अश्विनी काळसेकर यांची रसिका, मनोहरची बायको, मला जास्त हवी होती. नवऱ्याची भानगड कळल्यावरचा तिचा अवतार बघताना वाटतं, अरे, हे घर आपण बघायचंच राहिलं. तिथे पुन्हा संसार आहे, पुन्हा चार भिंती आहेत. दिग्दर्शकाने अवयवांच्या टोळीत घालवलेला वेळ या घरात घालवला असता तर? सोफीचंही तेच. राधिका आपटेसारखी अभिनेत्री घेतली आणि तिला एका गैरसमजावर बाहेर काढलं. आकाशच्या घरी सिमीला पाहून ती समजायचं ते समजते आणि निघून जाते. जी मुलगी रस्त्यात धडकलेल्या अनोळखी माणसाला कामाला लावते, ती एक प्रश्नही न विचारता जाईल हे मला पटत नाही.

उत्तरार्धात एकच जागा पुन्हा जिवंत होते: सिमी आणि आकाश दोघंही अडकलेले, ती डोळ्यांवर पट्टी बांधलेली, तो खरोखर आंधळा. दोघांना एकमेकांची गरज आहे, दोघांनाही समोरच्यावर काडीचा विश्वास नाही, आणि तरी बोलणं भाग आहे. सिमी इथे गोड बोलते. तब्बूचा आवाज या ठिकाणी ऐका. दिवाणखान्यात पाहुण्याशी बोलतानाचा तोच स्वर ती बांधलेल्या अवस्थेत काढते. क्षणभर तो फ्लॅट परत येतो.

एक गोष्ट मला या चित्रपटाला विचारावीशी वाटते आणि ती कौतुकाच्या भरात कुणी फारशी विचारली नाही. सिमी आणि मनोहर आकाशसमोर प्रेत हलवतात ते फक्त बोलण्याचा आवाज टाळून. आंधळ्याला दिसत नाही म्हणजे कळतच नाही, अशी त्यांची खात्री आहे. खरोखर दृष्टी नसलेल्या वादकाला त्या खोलीत काय काय कळलं असतं! बॅग सरकल्याचा आवाज, तिसऱ्या माणसाचा श्वास, सांडलेल्या दारूचा वास. खुन्यांचं हे अज्ञान पूर्वार्धात विनोदाला धार आणतं, कारण आपणही सहसा तसेच अज्ञानी असतो. पण आकाश खरा आंधळा झाल्यावर चित्रपटही त्याच अज्ञानात राहतो. इतका तयार कानाचा माणूस, आणि दृष्टी गेल्यावर त्याच्या कानाला काय ऐकू येतं हे एका दृश्यातही दिसत नाही. तो चाचपडतो, पडतो, ओरडतो. दृष्टी जाणं म्हणजे फक्त लाचारी, अशी समजूत या चित्रपटाने न तपासता घेतली आहे. ज्या चित्रपटाचा सगळा डोलारा बघणं आणि न बघणं यावर आहे, त्याने हे करायला नको होतं.

आता तो शेवट. दोन वर्षांनी पोलंडमधल्या क्राकोव शहरात सोफीला आकाश भेटतो, वाजवताना. तो तिला सगळी हकिकत सांगतो. त्याच्या सांगण्यानुसार डॉक्टर स्वामी सिमीला गाडीच्या डिकीत घालून नेत होता. तिचे अवयव विकायचे आणि तिचे डोळे आकाशला बसवायचे असा त्याचा बेत. वाटेत स्वामी तिला इंजेक्शन द्यायला उतरतो, ती त्याला मारते आणि स्वतः गाडी चालवायला बसते. आकाशला वाटतं स्वामीच चालवतोय, आणि तो तिला सोडून देण्याची विनवणी करत राहतो. पुढे ती त्याला उतरवते, चिरडायला वळते, तेवढ्यात शेतातला ससा काचेवर आदळतो आणि गाडी उलटते.

लोक सशावर वाद घालतात. मला सशापेक्षा गाडीतली ती शांतता खुपते. शेजारच्या सीटवर माणूस बदललाय, आणि जन्मभर कान तयार केलेल्या वादकाला ते कळत नाही? दार लावण्याची पद्धत, श्वास, साडीची सळसळ, अत्तर, कशावरूनच नाही? दोन शक्यता आहेत. एक, लेखकांनी दृष्टिहीन माणसाचा पुन्हा नीट विचार केला नाही. दोन, आकाश खोटं बोलतोय आणि खोटं सांगताना त्याला खऱ्या अंधत्वाची कल्पना करता आलेली नाही. मी दुसरी शक्यता धरते. राघवन इतके सावध लेखक आहेत की एवढी ढोबळ जागा ते मोकळी सोडणार नाहीत. पण हे मी त्यांच्या बाजूने करते आहे, पडद्यावर तेवढा पुरावा नाही, हेही तितकंच खरं.

मला त्या भेटीतलं दुसरंच काहीतरी जास्त महत्त्वाचं वाटतं. सगळं ऐकून झाल्यावर सोफी म्हणते की डॉक्टरचं म्हणणं तू मानायला हवं होतंस. सोफी! या गोष्टीतली एकच सरळ मुलगी. एका जिवंत बाईचे डोळे काढून घ्यायला हवे होतेस, असं ती सांगते आहे, आणि ते तिच्या तोंडून अगदी काळजीपोटी, आपुलकीने बाहेर पडतं. आकाश काही बोलत नाही. बाहेर पडतो आणि वाटेतला डबा काठीने उडवतो. डबा सगळ्यांच्या लक्षात राहिला, सोफीचं वाक्य निसटून गेलं. त्या टेबलाशी पुन्हा दोन सभ्य माणसं समोरासमोर बसली होती, पुन्हा भीड होती. ‘तू थापा मारतोयस’ असं सोफी म्हणू शकत नव्हती, ‘मला दिसतंय’ असं आकाश म्हणू शकत नव्हता. चित्रपट इथे आपल्या मूळ जागेवर परत आला, म्हणून शेवट चांगला वाटतो. उकल सापडली की नाही याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

प्रेत आणि शिष्टाचार यांची ही जोडी आपल्याकडे आधीही जमली होती. कुंदन शाह यांच्या १९८३ च्या ‘जाने भी दो यारों’मध्ये डिमेलोचं प्रेत थेट महाभारताच्या नाटकात शिरतं आणि रंगमंचावर आल्यावर त्याला पात्र म्हणून वागवणं सगळ्यांना भाग पडतं. कुंदन शाह पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे, राघवनही तिथलेच. संस्थेत असा काही धडा होता असं मी म्हणणार नाही. पण खुनाच्या विनोदाला रक्तापेक्षा लोकलज्जेची जास्त गरज असते, हे दोघांनाही पुरतं कळलेलं दिसतं. शाह यांच्याकडे ती जाण शेवटपर्यंत टिकली. ‘अंधाधुन’मध्ये ती मध्ये सुटते आणि शेवटी परत येते. दोन्ही शेजारी ठेवले तर मी जुना वरचा मानेन.

तर कौतुक रास्त आहे का? पहिल्या तासाचं पूर्ण, शेवटच्या दहा मिनिटांचं बरंचसं, मधल्या भागाचं नाही. आणि तो मधला भागही आपण न कुरकुरता बघतो ते तब्बूमुळे. सिमी दुष्ट आहे हे ती एकदाही आपल्याला ओरडून सांगत नाही. ती घाबरलेली, वैतागलेली, अडकलेली बाई उभी करते, जिला प्रत्येक पायरीवर पुढची पायरी चढण्यावाचून गत्यंतर दिसत नाही. दार उघडतानाचा तिचा चेहरा बघा: आकाशकडे अर्धी नजर, डिसाबाईंकडे अर्धी, आणि त्या दोन नजरांच्या मध्ये घेतलेला निर्णय. एकही शब्द नाही. माझ्या आईने भाजी निवडता निवडता तो निर्णय ओळखला, तो काही पटकथेमुळे नाही.

आयुष्मानचं काम उत्तम आहे आणि त्याला मिळालेल्या पुरस्काराबद्दल मला आनंदच आहे. पण त्याच वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत अभिनेत्रीचा मान तेलुगू ‘महानटी’साठी कीर्ती सुरेश यांना गेला, आणि तब्बूच्या वाट्याला काहीच आलं नाही. कीर्ती सुरेश यांनी अभिनेत्री सावित्री यांची भूमिका जीव ओतून केली होती, त्यांच्याकडून काही काढून घ्यावं असं मी म्हणत नाही. अभिनेत्याचा पुरस्कार त्या वर्षी दोघांत विभागला गेलाच होता. अभिनेत्रीचाही विभागता आला असता.